‘बनी तो बनी’वाल्या साहेबांना परभणीहून खुलं पत्र

प्रति,
मा. ‘नंतर बघू’ साहेब,
प्रकल्प प्रमुख, गाड्यांचं सॉफ्टवेअर,
काचेची इमारत, वरचा मजला.

विषय : सुरक्षा बाजूला ठेवून गाडी वेळेत बाजारात आणल्याबद्दल जाहीर अभिनंदन.

साहेब,


आपली ओळख नाही, पण तुमची गाडी आमच्या दारात उभी आहे.

परभणी तुम्हाला दोन म्हणींपुरतीच माहीत असणार. एक आम्ही छाती फुगवून सांगतो : ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ दुसरी लोक आम्हाला ऐकवतात : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ ही दुसरी आम्ही आजवर टोमणा म्हणून गिळत आलो. तुम्ही मात्र तिचं सोनं केलंत. तिला चक्क सॉफ्टवेअर बनवायची पद्धत करून टाकलीत. दसऱ्याला गाडी शोरूममध्ये उभी राहिली पाहिजे. सुरक्षेचं जमलं तर जमलं; नाही जमलं तर ती गाडी आज ना उद्या परभणीला पोचणारच आहे. आणि खरोखर पोचते, साहेब. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

पत्रावर कंपनीचं नाव घातलं नाही, कारण तुम्ही एका कंपनीत मावत नाही. तुम्ही हिंजवडीत आहात, बंगळुरूत आहात, डेट्रॉइट आणि श्टुटगार्टमध्येही आहात. आम्ही तुम्हाला ओळखतो ते आमच्या पोरांमुळे. सेलू, पाथरी, गंगाखेडच्या शाळांतून शिकलेली, नांदेडला नाहीतर संभाजीनगरला इंजिनिअरिंग केलेली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला उतरून तुमच्याकडे टेस्टिंगला लागलेली पोरं. मीटिंगमध्ये असा एखादा पोरगा हात वर करतो : “सर, या पोर्टला पासवर्डच नाही.” तुम्ही घड्याळाकडे बघत म्हणता, “चांगला मुद्दा आहे. नंतर बघू. आधी रिलीज.” मग तो मुद्दा एक्सेलच्या एका ओळीत जातो, समोर ‘प्रलंबित’ असं पडतं, आणि रिलीजच्या दिवशी केक कापला जातो. केकबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार त्या ओळीबद्दल आहे. तुमच्यासारख्या कामात बुडालेल्या माणसाला गाडीच्या आत काय चाललंय हे बघायला वेळ मिळत नसणार, म्हणून थोडं सांगतो. जिंतूर रोडवरच्या मेकॅनिकला पूर्वी बोनेट उघडलं की बिघाड दिसायचा. आता गाडीत डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात. इंजिनाचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, दारांचा वेगळा. ते एकमेकांशी बोलतात ते बहुतेक ‘कॅन’ नावाच्या तारेवरून. ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९८६ मध्ये जगापुढे आणली. कॅनचा स्वभाव गावातल्या दवंडीसारखा : ऐकतात सगळे, पण दवंडी पिटणारा नेमका कोण आहे, हे कुणी विचारत नाही. निरोप खऱ्या मालकाकडून आला की गाणी वाजवणाऱ्या स्क्रीनकडून, हे ओळखायची सोयच मूळ रचनेत नाही.

१९८६ साली त्यात गैर काही नव्हतं. तारा पत्र्याच्या आत होत्या, बाहेरचा माणूस आत शिरणार कुठून? मग तुम्ही त्याच गाडीत सिमकार्ड घातलंत, ब्लूटूथ घातलंत, वायफाय घातलंत, मालकाच्या मोबाइलवर ॲप दिलंत. जाहिरातीत ‘कनेक्टेड कार’ असं मोठ्या अक्षरांत छापलंत. गाडी जगाशी जोडताना आतल्या भाबड्या कॅनला संरक्षण द्यायचं काम तेवढं पुढच्या रिलीजवर ढकललंत.

त्याचा निकाल २०१५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत लागला. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक हे दोन संशोधक घरात लॅपटॉप घेऊन बसले, आणि सेंट लुइसच्या हायवेवर धावणारी जीप चेरोकी त्यांनी तिथून ताब्यात घेतली. गाडी चालवत होता ‘वायर्ड’ मासिकाचा पत्रकार अँडी ग्रीनबर्ग, अर्थातच स्वतःच्या संमतीनं. आधी एसी आपोआप जोरात सुटला, मग रेडिओ किंचाळायला लागला, मग वायपर फिरायला लागले. शेवटी ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी वेग घेईना, आणि मागून ट्रक येत होते.

हे जमलं कसं, ते बघा. तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. स्क्रीनच्या कॉम्प्युटरचा एक पोर्ट मोबाइल नेटवर्कवर उघडा होता, पासवर्ड वगैरे काही नाही. तिथून दोघं आत शिरले. शेजारी एक चिप होती, तिचा धागा कॅनला जोडलेला. तिच्यात त्यांनी स्वतःचं सॉफ्टवेअर भरलं; कारण आलेलं सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे का, हे ती चिप तपासतच नव्हती. तिथून पुढे कॅन, आणि कॅन तर कुणाचंही ऐकतो. उघडा पोर्ट, न तपासलेलं सॉफ्टवेअर, आणि करमणुकीची स्क्रीन व गाडीचं नियंत्रण यांच्यात भक्कम भिंत नसणं : या तिन्ही गोष्टी नकाशा काढताना कागदावर खोडरबरनं सुटल्या असत्या. गाड्या विकून झाल्यावर सोडवायच्या म्हटल्यावर फियाट क्रायस्लरला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मालकांना दुरुस्तीचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमध्ये घालून पोस्टानं पाठवलं. ‘अनोळखी पेनड्राइव्ह कुठेही लावू नका’ असं आम्हाला शिकवणारं जग, आणि गाडी सुरक्षित करण्यासाठी पोस्टातून आलेला पेनड्राइव्ह! तुमच्या ‘नंतर’चा असा थाट असतो.

‘जगात जर्मनी’ म्हणण्याची सवय असल्यामुळे तिकडेही डोकावून पाहिलं. त्याच २०१५ च्या सुरुवातीला एडीएसी या तिथल्या वाहनधारकांच्या संघटनेनं दाखवून दिलं, की बीएमडब्ल्यूच्या कनेक्टेड गाड्या कंपनीच्या सर्व्हरशी काही बोलणं उघड्यावरच करत होत्या. बनावट मोबाइल टॉवर उभा केला की दारांचं कुलूप काढता येत होतं. गाड्या किती? २२ लाख. दुरुस्ती काय? जी प्रत्येक साध्या बँकेच्या संकेतस्थळावर असते ती, म्हणजे संवाद कुलूपबंद करणं. पुढे २०२४ च्या डिसेंबरात फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडमध्ये उघडी पडलेली सापडली. त्यातल्या लाखो गाड्या कुठे उभ्या राहतात, हेही त्यात होतं. म्हणजे आमच्या म्हणीतली जर्मनी या बाबतीत परभणीच्या पुढे नाही, हे ऐकून आमची छाती आणखी फुगली.

आता आमच्या गावात या. १ जानेवारी २०१९ पासून नव्यानं नोंद होणाऱ्या बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांना एआयएस-१४० मानकाप्रमाणे ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि संकटाचं बटण सक्तीचं झालं. हेतू उत्तमच, रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये एकटी बसलेली मुलगी कुठे आहे, हे कुणाला तरी कळायला हवं. पण त्याखेरीज बाजारात स्वस्तातले ट्रॅकरही मिळतात. भाड्याची गाडी, पिकअप, ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर, सगळ्यांना मालक ते हौसेनं लावून घेतो. काहींत तर दुरून इंधन तोडायची सोय असते, चोरानं पळवली तर गाडी जागेवर थांबावी म्हणून.

अशाच एका यंत्राबद्दल, मायकोडस या चिनी कंपनीच्या एमव्ही७२० बद्दल, २०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या ‘सिसा’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं जाहीर इशारा दिला. दोष शोधणाऱ्या बिटसाइट कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे मायकोडसची सुमारे १५ लाख यंत्रं १६९ देशांत पसरलेली होती. या यंत्रणेत एक मास्टर पासवर्ड कायमचा कोरलेला होता. तो ज्याला मिळेल त्यानं गाडीचा माग काढावा, वाटलं तर इंधन तोडावं. आणि गिऱ्हाइकाला यंत्रासोबत मिळणारा पासवर्ड होता १२३४५६. तो बदला, असं यंत्र कधी म्हणत नव्हतं. चोर पकडायला लावलेलं यंत्र चोराच्या हातात लगाम देतं, आणि त्यासाठी चोराला सहापर्यंत मोजता आलं की पुरे. अंगणवाडीतल्या पोरालाही जमेल अशी सोय करून दिल्याबद्दल तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे.

‘ही चिनी स्वस्ताई झाली, मोठ्या घरात असं होत नाही,’ असं तुम्ही म्हणाल. मोठ्या घराचंच सांगतो, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या. इटन झ्वेअर या संशोधकाला २०२३ मध्ये टाटा मोटर्सच्या सुट्या भागांच्या ‘ई-दुकान’ या संकेतस्थळाच्या कोडमध्ये ॲमेझॉन क्लाउडच्या गुप्त किल्ल्या उघड्या लिहिलेल्या सापडल्या. त्या किल्ल्यांनी ग्राहकांची बिलं, पत्ते, पॅन क्रमांक असं बरंच काही उघडत होतं. ट्रक-बसच्या ताफ्यांवर नजर ठेवणाऱ्या ‘फ्लीटएज’मध्ये तर आणखी मौज होती. तिथल्या किल्ल्या कुलूपबंद करून ठेवल्या होत्या, पण ते कुलूप काढण्याचा मंत्रही त्याच पानावर वाचकाच्या ब्राउझरमध्ये पाठवला जात होता. त्यामागे ७० टेराबाइटहून जास्त माहिती होती. झ्वेअर यांनी हे सर्ट-इन या आपल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेमार्फत कळवलं, कंपनीनं दोष २०२३ मध्येच दुरुस्त केल्याचं सांगितलं, आणि सगळी कहाणी २०२५ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. दुरुस्ती झाली हे चांगलंच. पण किल्ली कोडमध्ये लिहू नये, हे पहिल्या दिवशी सांगणारा माणूस त्या खोलीत कुठे होता? बहुधा तो हात वर करून उभा असेल आणि तुम्ही घड्याळ बघत असाल.

आता ते ‘पुढे सविस्तर’ म्हणालो ते. पुण्यात गाडी घेणारा पहिला मालक चार-पाच वर्षांत मॉडेल बदलतो. दुसरा आणखी काही वर्षं वापरतो. मग ती गाडी आमच्याकडे येते. आमच्या बाजारात ‘पुणे पासिंग’ असं म्हटलं की भाव वाढतो. इथे ती पुढे दहा वर्षं चालते. मानवतच्या कापसाच्या हंगामात चालते, लग्नसराईत चालते, पूर्णेच्या स्टेशनवर पाहुणे आणायला चालते. तुमच्या सॉफ्टवेअरचे अपडेट तोवर कधीच बंद पडलेले असतात. परत बोलावल्याचं पत्र निघालंच, तर ते पुण्यातल्या पहिल्या मालकाच्या जुन्या फ्लॅटवर जातं. आणि सर्व्हिस सेंटर बऱ्याच कंपन्यांचं नांदेडला नाहीतर संभाजीनगरला. तुम्ही ‘नंतर’ म्हणता ना, साहेब, तो काळ येतो तेव्हा गाडी आमच्या अंगणात असते. तुम्ही वाचवलेल्या दोन आठवड्यांचं बिल भरतो तिसरा मालक, ज्याचं नावही तुमच्या यादीत नसतं.

हे मी परभणीच्या किरकिऱ्या स्वभावानं म्हणत नाही. आयबीएमचे चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की त्यांनी विकून टाकलेली गाडी काही वर्षांनीही त्यांच्या फोनवरच्या ॲपमध्ये दिसत होती. ती कुठे आहे हे कळत होतं आणि दारही उघडता येत होतं. विकताना त्यांनी गाडीतली स्वतःची माहिती पुसली होती. पण कंपनीच्या क्लाउडमध्ये मालक तेच राहिले होते. सुरक्षेचा अभ्यासक म्हणून त्यांच्या ते लक्षात आलं. आमच्याकडे गाडी विकणारा एजंट किल्ली हातात देतो, पेढा देतो, आरटीओचे कागद देतो. जुन्या मालकाचं ॲप तोडून देणारा एजंट अजून जन्माला यायचाय.

तुमच्या बाजूनं तीन युक्तिवाद येतील, ते आधीच ऐकून घेतो. पहिला : ‘परभणीतली गाडी कोण हॅक करणार?’ बरोबर आहे, कुणी परभणी शोधत येणार नाही. तो तुमचं मॉडेल शोधेल. एक दोष, लाखो गाड्या, त्यात आमची एक. शिवाय गाडीच्या तपासणी पोर्टला टॅब्लेट जोडून नवी किल्ली बनवणाऱ्या टोळ्या दिल्ली पोलिसांनी पकडल्या आहेत. त्या चोरांना तुमचं सॉफ्टवेअर तुमच्याहून चांगलं येतं, कारण त्यांनी ते ‘नंतर’ वाचायला ठेवलं नाही.

दुसरा : ‘खर्च वाढतो.’ खर्चाचं बोलायचं तर जग्वार लँड रोव्हरकडे बघा. ३१ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास सायबर हल्ला झाला आणि ब्रिटनमधले कारखाने महिनाभराहून अधिक बंद राहिले. तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरनं ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेचं नुकसान १९० कोटी पाउंड धरलं. पाच हजारांहून जास्त संस्थांना झळ बसली. हा हल्ला कंपनीच्या संगणकांवर होता, गाड्यांवर नव्हे. गाड्यांचं बिल याहून स्वस्त येईल, असं तुम्हाला का वाटतं?

तिसरा युक्तिवाद तुम्ही उघड करत नाही, वकिलामार्फत करता : दोष दाखवणाऱ्याचं तोंड बंद करा. बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ‘मेगामॉस क्रिप्टो’ या गाडीच्या किल्लीतल्या चिपचे दोष शोधले, तेव्हा फोक्सवॅगननं २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातून प्रकाशनाला मनाई आणली. तो निबंध शेवटी २०१५ मध्ये, एक वाक्य वगळून, छापून आला. दोन वर्षं निबंध बंद राहिला. चिप मात्र रस्त्यावर फिरतच राहिली.

‘नियम कुठे आहे?’ हा प्रश्नही आता उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन मंचानं २०२० मध्ये गाड्यांच्या सायबर सुरक्षेचा आर-१५५ हा नियम मंजूर केला. युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना तो लागू झाला. सुरक्षा कशी बांधत न्यायची, हे सांगणारं आयएसओ/एसएई २१४३४ मानक ऑगस्ट २०२१ चं. आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानकं आखली गेली, एक सायबर सुरक्षेचं आणि एक सॉफ्टवेअर अपडेटचं. ज्या समितीकडे हे काम असतं, तिचं सचिवालय पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे आहे; तुमच्या ऑफिसातून रिक्षानं जाता येईल. या सगळ्यांचं सांगणं थोडक्यात एवढंच, की कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी बसा आणि विचारा : आत कोण येऊ शकतो, कुठून, आणि आला तर काय बिघडवेल? मग त्याप्रमाणे रचना करा, लिहा, तपासा, आणि गाडी रस्त्यावर असेपर्यंत लक्ष ठेवा.

पण तुम्ही नियमालाही पुरून उरता. सगळा कोड लिहून झाल्यावर, ऑडिटच्या आदल्या आठवड्यात, धोक्याचं विश्लेषण मागच्या तारखेनं भरून घ्यायचं. प्रत्येक धोक्यापुढे ‘शक्यता कमी’ लिहायचं. फाइल जाड होते, गाडी पहिल्यासारखीच राहते.

तरी आमच्या मागण्या नोंदवून घ्याव्यात. आम्हाला फार काही नको :

१. धोक्याचं विश्लेषण पहिल्या बैठकीत व्हावं आणि त्यावर तारीख खरी असावी.
२. गाणी वाजवणारी स्क्रीन आणि ब्रेक-स्टिअरिंग यांच्यात पहारा असावा. स्क्रीननं ब्रेकला परस्पर निरोप देऊ नये.
३. कंपनीची डिजिटल सही नसलेलं सॉफ्टवेअर कुठल्याही चिपनं घेऊ नये, आणि कारखान्यातले तपासणीचे पोर्ट गाडी बाहेर पडताना बंद व्हावेत.
४. प्रत्येक गाडीची गुप्त किल्ली वेगळी असावी. एक फुटली म्हणून लाखभर फुटू नयेत.
५. गाडी विकली की जुन्या मालकाचा ॲपवरचा हक्क आपोआप संपावा.
६. अपडेट किती वर्षं मिळणार, हे मायलेजच्या शेजारी तेवढ्याच अक्षरांत छापावं.
७. रिलीज थांबवण्याचा अधिकार हात वर करणाऱ्या माणसाला असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याची बढती अडू नये.

शेवटची मागणी सगळ्यात महाग आहे, याची कल्पना आहे. बाकीच्या सहा तंत्रज्ञानानं होतात. सातवीला तुम्हाला थोडं मागे सरकावं लागतं. आणि ती मान्य झाली नाही, तर बाकीच्या सहा पुन्हा एक्सेलमध्ये जाऊन बसतील.

परभणीकरांनाही या पत्रातून एक विनंती आहे. शोरूममध्ये गेलात की सनरूफ नंतर बघा. आधी तीन गोष्टी लेखी मागा : अपडेट कधीपर्यंत, जुनं ॲप कसं तोडायचं, आणि दोष सापडला तर कळवायचा कुणाला. सेल्समन गोंधळला तर त्याच्यावर चिडू नका, त्याला वरच्यांना फोन लावायला सांगा. लेखी मिळेपर्यंत बुकिंगचे पैसे खिशातच राहू द्या. या साहेबांना ऑडिटची भीती वाटत नाही, पण अडलेल्या बुकिंगची भाषा त्यांना चांगली कळते.

कळावे,
आपला तिसरा मालक,
परभणी.

ता. क. : तुमच्या एक्सेलमधल्या ‘प्रलंबित’ ओळी ज्या पोरानं लिहिल्या, तो नोकरी सोडून दुसरीकडे गेला असेल तर लगेच ती फाइल उघडा. त्याच्या जागी येणाऱ्याला ते दोष पहिल्यापासून शोधावे लागतील, आणि शोधणारा तो एकटाच नसेल.